भाग्यदेवता नव्हे, नेमेसिस!

वाचनालयात एक कलाग्रंथ चाळताना आमची नजर एका चित्रावर खिळली. आकाशात पंख असलेली एक धिप्पाड, विवस्त्र बाई गोलावर उभी आहे. एका हातात नक्षीदार पेला, दुसऱ्या हातात घोड्याचा लगाम. पायाखाली ढग आणि ढगांखाली नदी, पूल, आगपेटीएवढी घरे. ते गाव म्हणजे आल्प्स पर्वतातील क्लाउझन, असे जाणकारांनी ओळखले आहे.

हे चित्र जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५०१-०२ च्या सुमारास तांब्याच्या पत्र्यावर कोरले. ड्यूरर हा सोनाराचा मुलगा. बापाच्या हाताखाली तो कोरणी धरायला शिकला, म्हणूनच पिसांतला एकेक धागा त्याला कोरता आला.

आता गंमत पाहा. पायाखाली गोल दिसला की ती भाग्यदेवता, असा युरोपातील जुना संकेत. गोल कधी कुठे घरंगळेल याचा नेम नाही, नशिबाचेही तसेच! त्यामुळे लोक या चित्राला ‘मोठी भाग्यदेवता’ म्हणू लागले. पण १५२०-२१ मध्ये नेदरलँडच्या प्रवासात लिहिलेल्या रोजनिशीत ड्यूररने स्वतः त्याचे नाव दिले आहे : नेमेसिस.

नेमेसिस ही ग्रीकांची देवता. तिच्या नावाच्या मुळाशी ‘वाटून देणे’ हा अर्थ आहे. ज्याचे माप त्याच्या पदरात! मॅरेथॉनजवळ ऱ्हाम्नस येथे तिचे मंदिर होते. इराणी फौज इ. स. पूर्व ४९० मध्ये चालून आली, ती म्हणे विजयस्तंभासाठी संगमरवर आधीच बरोबर घेऊन. फौज हरली आणि त्याच दगडातून नेमेसिसची मूर्ती घडवली गेली, अशी कथा पॉसेनियस या प्राचीन ग्रीक प्रवाशाने लिहून ठेवली आहे. कथा खरी असो वा नसो, उन्मत्तांची खोड मात्र तिने बरोबर पकडली आहे.

तेव्हा पेला बक्षिसाचा आणि लगाम उन्मत्ताच्या तोंडात घालायचा. आम्ही पडलो जमाखर्च लिहिणारे कारकून. नशीब म्हटले की विचारणेच संपते. हिशेब म्हटला की कोणी किती घेतले हे विचारता येते. एका नावाने एवढा फरक पडतो.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. ही बाई सरळ समोर पाहते, खालच्या गावाकडे तिची नजरच नाही. घरी मुलांना हे चित्र दाखवाल तेव्हा गोल राहू द्या, आधी लगामावर बोट ठेवा आणि विचारा, हा कोणासाठी?