समुद्रातून येणारे घोडे आणि 'द स्कॉर्पिओ रेसेस'

आज घोड्यांबद्दल बोलूया. खऱ्या नाही हं, पंखवाल्या, शिंगवाल्या, समुद्रातून येणाऱ्या. इंग्रजीत टीनएजर्ससाठी अशा फँटसी कादंबऱ्या भरपूर आहेत, आणि 'पोरींची घोड्यांची पुस्तकं' म्हणून त्यांना हसणारेही भरपूर. मला वाटतं, हसणाऱ्यांनी मॅगी स्टीव्हॉटरचं 'द स्कॉर्पिओ रेसेस' वाचलेलं नसावं. २०११ चं पुस्तक, २०१२ मध्ये त्याला प्रिंट्झ ऑनर मिळाला. आज हे एकच घेऊन बसूया.

थिस्बी नावाचं एक काल्पनिक बेट आहे. तिथे दर नोव्हेंबरमध्ये किनाऱ्यावर शर्यत होते, समुद्रातून वर आलेल्या घोड्यांची. हे घोडे मांस खातात. माणसाचंही. त्यांचं नाव 'कॅपल इश्का'. आपल्या इश्कशी काही संबंध नाही, आयरिश भाषेत तो शब्द पाण्यासाठी आहे. (व्हिस्की हा शब्दही तिथूनच आलाय!)

ही कल्पना लेखिकेची एकटीची नाही. आयर्लंड-स्कॉटलंडच्या लोककथांमध्ये पाणघोडा जुनाच आहे. देखणा घोडा काठावर उभा असतो, तुम्ही पाठीवर बसलात की हात त्याच्या अंगाला चिकटतात, आणि तो थेट पाण्यात. आपल्याकडेही समुद्रमंथनातून उच्चैःश्रवा निघालाच की, पण तो रत्न म्हणून, इंद्राकडे गेला. तिकडचा घोडा कुणाकडेच जात नाही, तो तुम्हाला घेऊन जातो.

आता खरी गंमत. लोककथेत हा घोडा देखण्या तरुणाचं रूपही घेतो. टीनएज कादंबरीसाठी हे किती सोपं होतं बघा! घोडा रात्री हँडसम मुलगा होतो, मुलगी प्रेमात पडते, चार भाग, एक सिनेमा. स्टीव्हॉटरने तो भाग सरळ काढून टाकला. घोडा घोडाच राहतो. बोलत नाही, सॉरी म्हणत नाही, 'मी आतून चांगला आहे' असं सांगत नाही. आम्ही कोडवाले म्हणतो ना, फीचर काढलं की प्रॉडक्ट सुधारतं, तसंच काहीसं.

कारण मग प्रेम दाखवायला कामच उरतं. शॉन केंड्रिक, वय १९, ही शर्यत चार वेळा जिंकलेला. तो कॉर नावाच्या लाल घोड्याजवळ असतो तेव्हा खिशात लोखंड, मीठ, आयाळीत मोजून मारलेल्या गाठी. रोज तेच, न कंटाळता. कॉरवर त्याचा जीव आहे, आणि कॉर त्याला कधीही मारू शकतो हेही त्याला पक्कं माहीत आहे. दोन्ही एकाच वेळी खरं. शिवाय कॉर त्याचा नाहीच, मालक माल्व्हर्नचा आहे! ज्याला सगळं कळतं त्याच्याकडे मालकी नाही. नोकरीला लागलेल्या कुणालाही हे टोचेल.

दुसरी बाजू पक कॉनलीची. तिचे आईवडील याच घोड्यांनी मारलेले, घर हातातून जायची वेळ आलेली, आणि मोठा भाऊ गेब म्हणतो, मी बेट सोडून चाललो. त्याला थोडे दिवस तरी थांबवावं म्हणून ती तिरीमिरीत म्हणते, मी शर्यतीत उतरते. आजवर एकही बाई त्यात उतरलेली नाही. आणि तिची घोडी डव्ह अगदी साधी, बेटावरची. घर सोडून जाणारा भाऊ म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला वेगळं समजवायला नको.

म्हणून मला वाटतं, या पुस्तकांची ओढ जादूमुळे कमी, आणि ज्याच्यावर हुकूम चालत नाही अशा जिवाचा विश्वास मिळवण्यामुळे जास्त. सोळाव्या वर्षी आपल्या हातात फारसं काही नसतं. पैसे नाहीत, निर्णय मोठ्यांचे. पण एक ताकदवान जनावर आपल्यासाठी थांबतं, तेही लगामामुळे नाही, तर आपण त्याला ओळखतो म्हणून! पंख असलेले गोड घोडे मला तेवढे भिडत नाहीत ते यामुळेच. तिथे विश्वास फुकटात मिळतो.

एक सूचना. शर्यत पार शेवटाकडे येते, सुरुवात संथ आहे, घाई करू नका. गोष्ट शॉन आणि पक आळीपाळीने सांगतात, ऑडिओबुकमध्ये दोघांचे आवाजही वेगळे आहेत, त्यामुळे लोकलमध्ये ऐकायला मस्त. शेवट मी सांगणार नाही. ऐकून झालं की कॉमेंटमध्ये लिहा, शॉनने कॉरचं जे केलं ते तुम्ही केलं असतं का?