घराच्या वेशीवर धरपकड

अठराव्या शतकातल्या ब्रिटिश आरमाराची सक्तीची भरती म्हटली की गुत्त्यातून झिंगलेल्या माणसाला फरफटत नेणारी टोळी डोळ्यांसमोर येते. अशा ‘प्रेस गँग’ होत्याच. बंदरातल्या एखाद्या खाणावळीत त्यांचा तळ असे. पण आरमाराला हवा होता कसबी खलाशी, भर वादळात डोलकाठीवर चढून शीड गुंडाळणारा. तो हमखास सापडे परतीच्या व्यापारी जहाजावर.

म्हणून मोठी धरपकड समुद्रातच चाले. लांबची सफर संपवून जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याशी आलं की लढाऊ जहाजाची होडी त्याला गाठी. अधिकारी वर चढून खलाशांना डेकवर उभं करी आणि कागद तपासी. काहींकडे सूट मिळाल्याचा परवाना असे. त्यात माणसाचं वय, उंची, अंगावरचे व्रण नोंदलेले असत. वर्णन जुळलं नाही की परवाना कुचकामी. लढाईची घाई असली, तर खरे परवानेही धुडकावले जात. उचललेल्यांच्या बदल्यात आरमार आपली काही माणसं देई, जहाज बंदराला लागेपर्यंत.

मग धरलेल्याला विचारलं जाई, ‘स्वखुशीनं आलो’ असं लिहून घ्यायचं का? हो म्हटलं तर बक्षिसी मिळे. त्यामुळे दप्तरातल्या ‘स्वयंसेवकां’च्या आकड्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

पगार? १६५३ साली ठरलेला, महिना २४ शिलिंग. तो वाढायला १७९७ चं स्पिटहेडचं खलाशांचं बंड व्हावं लागलं. तोही महिनोन्‌महिने थकवून ठेवत, म्हणजे माणूस पळायला धजू नये. युद्धाच्या दिवसांत व्यापारी जहाजं याहून कितीतरी जास्त देत. चांगला पगार दिला असता तर वेठीला माणसं धरायची गरजच कमी झाली असती, असं मला ठाम वाटतं.

स्कॉटलंडचा जॉन निकोल पिंपं बांधणारा खलाशी होता. १७९४ मध्ये चीनच्या सफरीवरून परतताना त्याला असंच उचललं. नाईलची लढाई पाहून, फ्रान्सशी तह झाल्यावर तो सुटला, घरी आला, लग्न केलं. १८०३ मध्ये पुन्हा युद्ध पेटलं, तसा तो एडिंबरोजवळच्या कझलँड गावी जाऊन लपला. अकरा वर्षं त्यानं चुनखडीच्या खाणीत काम केलं आणि समुद्राकडे पाठ फिरवली.

१८१५ मध्ये फ्रान्सशी चाललेलं युद्ध संपल्यावर ही धरपकड थांबली. कायदा मात्र राहिला. १८३५ मध्ये पार्लमेंटनं एवढंच ठरवलं, की धरलेल्या माणसाला पाच वर्षांहून जास्त ठेवायचं नाही.