तळ्याखालचा गाव

मालवणचे नाव काढले की बाहेरच्या माणसाला सिंधुदुर्ग किल्ला आठवतो, रापण आठवते आणि ताज्या माशांची आमटी आठवते. आपल्या वार्षिकांतूनही समुद्रावर पुष्कळ लिहिले जाते. परंतु मालवण तालुक्याचा मोठा भाग किनाऱ्यापासून आत, डोंगरांच्या कुशीत वसला आहे आणि तो पिढ्यान् पिढ्या भातावर जगत आला आहे. अशाच एका गावाविषयी, धामापूरविषयी, येथे लिहावयाचे आहे. धामापूरचे तळे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. पण तळ्याच्या खालचा गाव थोड्यांनीच पाहिला असेल. माझे आजोळ या परिसरातले असल्यामुळे तो मला थोडाफार ठाऊक आहे.

कुडाळहून निघून नेरूरपारच्या पुलावर कर्ली नदी ओलांडली की मालवणच्या वाटेवर काळसे आणि धामापूर ही शेजारी गावे भेटतात. येथील जमीन तीन पायऱ्यांची आहे. सर्वांत वर जांभ्याचा कातळ. तेथे पावसाळ्यात गवत, एरवी काहीच नाही. मधल्या उतारावर भरड जमीन. तिच्यावर एके काळी नाचणी-वरी होई, आता बहुतेक ठिकाणी काजू आणि आंबा आहे. सर्वांत खाली सपाट मळे. गावाचे पोट भरते ते या मळ्यांवर. घरे मळ्यात नाहीत. ती कडेला, थोड्या उंचीवर, माडा-पोफळींच्या सावलीत आहेत. सुपीक जमिनीवर घर बांधायचे नाही, हे शहाणपण कोणत्याही कायद्याशिवाय पाळले गेले.

आता कोणी विचारील की, ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेथे तळे कशाला हवे? उत्तर असे की, हा पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जांभा सच्छिद्र, उतार तीव्र, समुद्र जवळ. त्यामुळे डोंगरावर पडलेले पाणी व्हाळांतून पाहता पाहता खाडीला मिळते. शेजारून कर्ली वाहते खरी, पण तिच्यात भरतीचे खारे पाणी वर चढते. ते भाताला चालत नाही. म्हणजे पावसाळ्यात पाण्याने वेढलेला माणूस चैत्र-वैशाखात गोड्या पाण्यासाठी आकाशाकडे पाहतो.

या अडचणीवर येथल्या माणसांनी शोधलेला उपाय म्हणजे धामापूरचे तळे. विजयनगरच्या राजवटीतील मांडलिक नागेश देसाई यांनी ते १५३० साली बांधविले, असे सांगितले जाते. दोन डोंगरांच्या मधली अरुंद जागा हेरून तेथे मातीचा बांध घातला आहे. त्याची लांबी सुमारे २७० मीटर, उंची सुमारे ११ मीटर. बाकी तिन्ही बाजूंना झाडीने भरलेले डोंगर आहेत. पावसाचे पाणी ही झाडी धरून ठेवते आणि हळूहळू तळ्यात सोडते. म्हणून तळ्याचे आयुष्य जितके बांधावर तितकेच त्या झाडीवर अवलंबून आहे. काठावर भगवतीचे देऊळ आहे. तळ्यातले पाणी पाटांनी खालच्या मळ्यांना व पोफळींच्या बागांना मिळते, आणि जे जमिनीत पाझरते ते विहिरींना मिळते.

तळ्यामुळे गावाच्या वर्षाला दोन हंगाम मिळाले. पहिला पावसाळी. मृगाच्या सुमारास तरवा पेरायचा, आषाढात चिखल करून लावणी करायची, दसऱ्याच्या मागेपुढे कापणी. लावणीच्या दिवसांत एकाच्या शेतात साऱ्या वाडीने उतरायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या. पैशाची देवघेव नसे, श्रमाची असे. दुसरा हंगाम वायंगणाचा. पावसाळी भात घरात आले की तळ्याच्या पाण्यावर पुन्हा भात करायचे आणि उन्हाळा तापण्याच्या सुमारास ते कापायचे. जेथे पाणी पुरत नाही तेथे जमिनीतल्या ओलीवर कुळीथ, चवळी किंवा मिरची. सकाळची पेज आणि रात्रीची कुळथाची पिठी ही दोन्ही अशी एकाच मळ्यातून, दोन ऋतूंत येतात.

या शेतीचे मर्म मात्र पाणी वाटण्यात आहे. मळा लहान लहान कुणग्यांत विभागलेला असतो. कुणग्यांच्या मध्ये मातीची मेर असते. प्रत्येक कुणग्याला स्वतंत्र पाट नसतो. वरच्याचे पाणी भरले की मेरेतल्या वाटेने ते खालच्या कुणग्यात उतरते. साहजिकच वरच्या शेतकऱ्याने मेर नीट राखली तरच खालच्याचे पीक उभे राहते. शेतावर मला एका वृद्ध शेतकऱ्याने सांगितले होते, “मेर मोडली की शेजाऱ्याचो कुणगो सुकता.” सहकाराची व्याख्या मी पुस्तकात वाचली आहे, पण तिचा अर्थ मला या वाक्याने कळला.

तळ्याविषयी एक लोककथाही सांगतात. गावात लग्नकार्य निघाले की परडीत फुले ठेवून ती तळ्यात सोडायची. भगवती त्या फुलांसारखे सोन्याचे दागिने देई. कार्य उरकले की दागिने परत करायचे. पुढे कोणी एकाने ते परत केले नाहीत आणि तेव्हापासून दागिने मिळणे बंद झाले. कथा खरी-खोटी कशीही असो. उसने घेतलेले परत केले पाहिजे, हा तिचा बोध पाण्यालाही लागू पडतो असे मला वाटते.

आज हे परत करणेच थांबत चालले आहे. तरुण मुले मुंबईला, गोव्याला जातात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण चार गुंठ्यांच्या कुणग्यांवर संसार चालत नाही. सातबाऱ्यावर काका, आत्या, चुलत भाऊ अशी अनेक नावे. त्यामुळे जमीन धड विकताही येत नाही आणि कसायलाही कोणी धजत नाही. एक कुणगा पड राहिला की त्याची मेर खचते, पाणी वाट सोडते आणि खालचे दोन कुणगेही पड पडतात. पड जमिनीत रान माजते, रानात रानडुक्कर आणि गवे येतात, मग उरलेल्या शेतकऱ्याचाही धीर सुटतो. दुसरीकडे तळ्यावरची मागणी वाढते आहे. मालवण शहराच्या नळाला येथलेच पाणी जाते, आणि पर्यटकांनाही तळे हवे आहे. शहराला पाणी मिळू नये असे कोण म्हणेल? परंतु ज्यांच्या पूर्वजांनी बांध राखला त्यांचे पाटही वाहते राहिले पाहिजेत, एवढे म्हणणे गैर ठरू नये.

२०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने धामापूरच्या तळ्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. सर्वांना आनंद झाला, फलक लागले, छायाचित्रे निघाली. मात्र मानाच्या नावातला ‘सिंचन’ हा शब्द आपण पुरेसा वाचला नाही. हा मान पाण्याच्या देखाव्याला नसून त्या पाण्याने होणाऱ्या शेतीला आहे. उद्या खालचे मळे सगळे पड पडले, तर वर सुंदर जलाशय उरेल, पण ज्यासाठी तो बांधला ते काम संपलेले असेल.

आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना याबाबत एक गोष्ट सहज करता येण्याजोगी आहे. प्रत्येक कुणग्याला नाव आहे, प्रत्येक पाटाला वाट आहे आणि पाणी कोणी आधी, कोणी नंतर घ्यायचे याची रीत आहे. हे सारे आज वृद्धांच्या तोंडी आहे. श्रमसंस्काराच्या शिबिरात एखादा रस्ता झाडण्याबरोबरच ही नावे आणि ही रीत कोणी लिहून घेतली, चार खचलेल्या मेरा गावकऱ्यांबरोबर उभ्या केल्या, तर इतिहास, भूगोल आणि अर्थशास्त्र या तिन्ही विषयांचा अभ्यास एकाच मळ्यात होईल. पुढच्या वेळी धामापूरला गेलात तर तळ्याकडे पाहून झाल्यावर बांधाच्या दुसऱ्या बाजूलाही जरूर उतरा.