वीणेस लेप कोणता द्यावा?

ज्या गांवीं भजनी मंडळी आहे तेथें निदान एक वीणा, एक मृदंग व चिपळ्यांचे दोनचार जोड असावयाचेच. हीं वाद्यें बहुधा वर्गणींतून घेतलेलीं असतात. तीं जुनीं दिसूं लागलीं म्हणजे सप्ताहाच्या आधीं कोणी उत्साही गृहस्थ तैलरंगाचा डबा आणतो आणि दारें-खिडक्यांवर द्यावा तसाच हात वीणेवर देतो. आमच्या पाहण्यांत अशी एक वीणा आली. दिसावयास झगझगीत, पण नाद बसलेला, आणि उन्हाळ्यांत दांडीचा रंग हातास चिकटूं लागलेला. रंग खरवडतांना तबलीही झिजली, व तेव्हांपासून ती वीणा देवळांत खुंटीलाच आहे. म्हणून या विषयावर थोडें लिहिणें अवश्य वाटलें.

तबली पातळ असते व तिच्या कंपानेंच नाद उठतो. तीवर जाड, मऊ थर चढला कीं तो कंप दाबतो. यास्तव लेप पातळ व कठीण हवा. दुसरी गोष्ट आरोग्याची. वीणेकऱ्याचा घामेजलेला हात तासचे तास दांडीवर असतो, आणि चिपळ्या तर लहान मुलें तोंडांतही घालतात. पूर्वींच्या कित्येक तैलरंगांत शिसें असे. घरगुती रंगांत दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसें नसावें असा नियम आपल्या देशांत २०१६ सालीं झाला; परंतु माळ्यावर पडलेल्या जुन्या डब्यास किंवा वाद्यावर आधींच बसलेल्या थरास नियम काय करणार? असा अज्ञात थर कोरडा घासून त्याची धूळ उडवूं नये. कागद ओला करून घासावा.

मिरजेचे तंतुवाद्यांचे कारागीर या कामीं चपडी लाखच वापरीत आले आहेत. मंगळवेढें-पंढरपूर भागांतील शेतकऱ्यांचे भोपळे व तुणीचें लांकूड यांपासून तेथें तंबोरे होतात. त्यांस व तेथील सतारीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. लाख ही तर शेतकऱ्याच्या बांधावरचीच वस्तु. पळस, बोर, कुसुम यांच्या कोंवळ्या डहाळ्यांवर किडा ती तयार करितो. शुद्ध लाख औषधांच्या गोळ्यांवर व मिठाईवरही चढवितात, यावरून ती अपायकारक नव्हे हें दिसेल. तिचा सर्वांत मोठा गुण आमच्या मतें असा, कीं नवा हात जुन्या हातांत विरघळून एकजीव होतो. म्हणून दहा वर्षांनीं ओरखडा पडला तरी तेवढीच जागा दुरुस्त करितां येते. बाजारांतील कठीण रोगण अधिक टिकतें खरें, पण तें उलपटलें म्हणजे सगळेंच काढावें लागतें.

सुमारें १०० ग्रॅम चपडी १ लिटर स्पिरिटांत कांचेच्या बरणींत रात्रभर भिजवावी. लोखंडी भांड्यांत ती काळवंडते. सकाळीं वस्त्रगाळ करून कापसाचा बोळा तलम फडक्यांत गुंडाळावा व हलक्या हातानें पुसल्याप्रमाणें थर द्यावे. एक जाड हात देण्यापेक्षां सहा पातळ हात बरे. काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेंत करावें. पावसाळ्यांत थरावर पांढुरकी झांक येते. स्पिरिट विषारी व ज्वालाग्राही आहे. जवळ चूल, उदबत्ती वा विडी नको, आणि खिडक्या उघड्या हव्यात. सहा महिन्यांवर जुनें झालेलें मिश्रण नीट वाळत नाहीं. कांचेवर थेंब टाकून दुसऱ्या दिवशींही तो चिकट राहिला तर मिश्रण टाकून द्यावें.

चिपळ्या व मृदंगाचें खोड यांस मात्र जवसाचें तेल पुरें, कारण लाखेवर पाण्याचे डाग पडतात व तेल मुरलेलें लांकूड घामास बरें टिकतें. भुईमुगाचें वा एरंडाचें तेल वाळतच नाहीं, धूळ मात्र धरतें. साधें जवसतेल वाळावयास पुष्कळ दिवस घेतें. लवकर वाळणाऱ्या बाजारी 'उकळलेल्या' तेलांत धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून मुलांच्या हातीं जाणाऱ्या वस्तूस घाण्याचेंच तेल घ्यावें व सवड काढावी. तेल लावून अर्ध्या घटकेनें उरलेलें पुसून काढावें.

त्या पुसण्याच्या चिंध्यांविषयीं मात्र आम्ही वाचकांस निक्षून सांगतों. जवसाचें तेल वाळतें तें उडून नव्हे, तर हवेंतील प्राणवायु घेऊन, आणि तसें होतांना उष्णता उत्पन्न होते. ओला कडबा गंजींत आंतून तापतो हें आपणांस ठाऊकच आहे. चुरगाळून फेंकलेली तेलकट चिंधी त्याहून लवकर तापून आपोआप पेट घेते, आणि ती गोठ्यांत किंवा कडब्याजवळ पडली तर काय होईल हें सांगावयास नको. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्या किंवा पाण्याच्या बादलींत बुडवून ठेवाव्या.

वीणेच्या घोडीचा माथा व खुंट्यांचा भोंकांत बसणारा भाग यांस लाख किंवा तेल कांहींच लावूं नये. खुंटी सरकत असेल तर तेथें थोडा खडू घासला म्हणजे झालें.