पेशीही रोजा धरते?

रमजानात छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतल्या गल्ल्या पहाटे साडेचारलाच जाग्या असतात. कुठे खिमा-चपाती, कुठे नुसता चहा-पाव. फजरची वेळ झाली की घास थांबतो आणि पाणीही. मार्चमधला रोजा सुमारे तेरा तासांचा. जूनमध्ये आला तर चौदाच्याही पुढे जातो.

पोट रिकामं झालं म्हणून शरीर लगेच चरबीला हात घालत नाही. आधी सहरीचं अन्न पचतं. मग इन्सुलिन उतरतं आणि यकृतातलं ग्लायकोजेन, फार तर शंभरेक ग्रॅम, रक्तातली साखर सांभाळतं. दुपार कलल्यावर चरबीचा वाटा वाढतो. केटोन बनायला जेमतेम सुरुवात होते, तोच मगरीबची अजान होते.

अलीकडे या उपवासाला ‘ऑटोफॅजी’ चिकटली आहे. पेशी स्वतःचेच जुने, बिघडलेले भाग मोडून त्यांतला माल पुन्हा वापरते, ती ही क्रिया. टोकियोत योशिनोरी ओसुमी यांनी खमिराच्या पेशी उपाशी ठेवल्या. रिक्तिकेतली पाचक विकरं नसलेल्या त्या पेशींमध्ये काही तासांतच पुटिकांचे पुंजके साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. 1992 मध्ये ते प्रसिद्ध झालं, 2016 मध्ये नोबेल मिळालं. नान-खलियासाठी प्रसिद्ध असलेल्या या शहराला खमीर काही परकं नाही. पण खमीर म्हणजे माणूस नव्हे. जिवंत माणसाच्या यकृतात किंवा मेंदूत ऑटोफॅजी मोजणं अजून फार अवघड आहे, त्यामुळे ‘सोळा तासांनी पेशी साफ होतात’ हे व्हॉट्सअ‍ॅपवरचं गणित पुराव्याच्या बरंच पुढे धावतं.

महाराष्ट्रात उपाशी राहण्याचं हे शास्त्र घरोघरी नेलं ते डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेत. दिवसातून दोनदाच जेवण, प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत. मध्ये पातळ ताक, बिनसाखरेचा चहा चालतो. रोजात तेही नाही. आपल्या एकादशीला मात्र साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वरई. इन्सुलिनला सुट्टी म्हणून नाहीच.

तासांचं महत्त्व किती, हे ग्वांगझूमधल्या एका चाचणीत तपासलं गेलं. 139 स्थूल माणसांनी वर्षभर सारख्याच कमी कॅलरी घेतल्या. निम्म्यांनी फक्त सकाळी आठ ते दुपारी चार या वेळात. वजनातली घट दोन्ही गटांत जवळपास सारखी निघाली. जो फरक होता, तो ठोस म्हणावा इतका नव्हता. म्हणजे इफ्तारला खजुरानंतर भजी, समोसे आणि सरबताचे तीन पेले आले, तर दिवसभराच्या तेरा तासांचा हिशेब तिथेच फिटतो.

मधुमेहींचं गणित याहून नाजूक. सल्फोनिलयुरियाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर दुपारी धोकादायक उतरू शकते, म्हणून डोस रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून बदलून घ्यावा लागतो. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडावा, असं वैद्यकीय मार्गदर्शन आहे. आणि बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही, असा बहुतेक उलेमांचा निर्वाळा आहे.