आधी मोजणी, मग खरेदीखत

सणसवाडीच्या कारखान्यांची पाळी सुटली म्हणजे कोरेगाव भीमाच्या चौकात, नगर रस्त्यावर, जी वाहनांची दाटी होते तिच्यातून अंग चोरीत एक सायकलस्वार रोज सायंकाळी बाहेर पडतो, वढू बुद्रुकच्या रस्त्याला लागतो आणि पुढे उसाच्या फडांमधल्या गाडीवाटेत दिसेनासा होतो. हा माझा पुतण्या. 1 जानेवारी 1818 च्या लढाईमुळे ज्या गावाचे नाव इतिहासाच्या दप्तरी कायमचे दाखल झाले, त्या गावातल्या पोराला डोंगरी सायकलींच्या शर्यतीचे वेड लागावे याचे पुष्कळांना नवल वाटते. कारण डोंगर म्हणावा असा येथे नाही, आहे ते भीमाकाठचे काळे रान. खरा चढ हवा असेल तर दौंड तालुक्यातले यवत गाठून भुलेश्वराची वाट धरावी लागते.

मागल्या दिवाळीत तो मोबाइलवर दहा-बारा फ्रेमांची चित्रे घेऊन आला आणि म्हणाला, “काका, शंभरची घेऊ की एकशेवीसची?” हे आकडे म्हणजे मागचे चाक धक्क्यासरशी किती मिलिमीटर वर उचलले जाते त्याचे. माझी उमेदीची वर्षे महसुली दप्तरात गेलेली, तेव्हा माझ्या तोंडून निघाले ते इतकेच, “अरे, मोजणी केलीस का?”

जमीन घेणारा शहाणा माणूस आधी मोजणी करवतो आणि मग खरेदीखताला हात घालतो. फ्रेम घेणारा मात्र पहिल्याने वजन विचारतो, मग रंग पाहतो, आणि आपले अंग तिच्यावर बसते की नाही हा तपशील सर्वांत शेवटी त्याच्या ध्यानात येतो. पेडलांच्या आसापासून सरळ वर काढलेली रेषा आणि हँडलच्या नळीचे वरचे टोक यांतील आडवे अंतर म्हणजे ‘रीच’ आणि त्या आसापासून त्याच टोकापर्यंतचे उभे अंतर म्हणजे ‘स्टॅक’. हे दोन आकडे जुळले नाहीत तर फ्रेम कितीही किमती असो, पाठ आणि मनगटे तक्रार करणारच. हँडलच्या नळीचा कोन पूर्वी 70-71 अंश असे, तो आता 67 च्या आसपास उतरला आहे. त्यामुळे पुढचे चाक स्वारापासून दूर पडते आणि तीव्र उतारावर सायकल तोंडघशी पडण्याचे भय घटते.

क्रॉस-कंट्री शर्यत म्हणजे काही किलोमीटरांच्या खडकाळ वळशाला सुमारे दीड तास पुनःपुन्हा प्रदक्षिणा. 1996 साली अटलांटा येथे तिचा ऑलिम्पिकमध्ये प्रवेश झाला, आणि पुढे कित्येक वर्षे, मागे सस्पेन्शन नसलेली ‘हार्डटेल’ हीच शर्यतीची सायकल, असा शिरस्ता होता. 2012 साली लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये चेक स्वार यारोस्लाव कुल्हावी याने दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेल्या सायकलीवरून, हार्डटेलवर असलेल्या निनो शुर्टरला अवघ्या एका सेकंदाने मागे टाकले, तेव्हा त्या शिरस्त्याला चांगलाच हादरा बसला.

हार्डटेलवर दगड आला म्हणजे सायकलीसकट स्वाराचे ओझे उचलावे लागते. सस्पेन्शन असले म्हणजे चाक तेवढे उचलले जाते आणि देह आपल्या पातळीवर पुढे सरकतो. इथपर्यंत सर्व गोड आहे. परंतु पेडल दाबताच भार मागे कलतो, शॉक, म्हणजे धक्का शोषणारी नळी, दबतो, आणि स्वाराच्या पोटऱ्यांतून निघालेली शक्ती मागचा भाग खालीवर डोलविण्यात वाया जाते. यावरचा उपाय फ्रेमच्या रचनेतच आहे, आणि माझ्या मते फ्रेमची सारी किंमत येथे आहे. मागचा त्रिकोण ज्या सांध्याभोवती फिरतो तो अशा ठिकाणी ठेवतात की चेनचा ताणच त्या त्रिकोणाला खाली रेटतो. भार शॉकला दाबू पाहतो, ताण त्याला उघडा ठेवू पाहतो, आणि दोघांचे भांडण बरोबरीत सुटले की डोलणे थांबते. ताणाचा हा विरोध गरजेपेक्षा अधिक झाला, तर दगडावर चाक वर येताना चेन ओढली जाऊन पेडल पायाला उलटा झटका देते. पूर्वी पुढे दोन-तीन दातेरी चक्रे असत आणि प्रत्येकावर हा हिशेब निराळा येई. आता पुढे एकच चक्र राहिल्याने रचनाकाराचे काम पुष्कळ सोपे झाले आहे.

वजनाचे म्हणाल तर, कार्बनची फ्रेम शॉकसह दोन किलोंच्या आसपास आणि अ‍ॅल्युमिनियमची त्याहून किलोभर जड असे धरले, तरी स्वार, सायकल आणि पाणी मिळून पंचाहत्तर किलोंच्या ओझ्यात एक किलो म्हणजे सव्वा टक्क्याहून थोडे अधिक. दहा मिनिटांच्या चढाला सात-आठ सेकंद. लंडनचा तो एक सेकंद आठवला की ही रक्कम क्षुल्लक म्हणवत नाही, हे कबूल. पण खडकाळ उतारावर घाबरून दाबलेला एक ब्रेक तेवढे सेकंद सहज खातो.

आता आमच्या मुलखाची गोष्ट. पुतण्याची पहिली फ्रेम जुनी, कोणाकडून तरी घेतलेली, चार दांड्यांच्या जोडणीची होती, आणि तिच्या प्रत्येक सांध्यात बेअरिंगांची जोडी. काळी माती पावसात डिंकासारखी चिकटते आणि वाळली की सिमेंटासारखी धरते. ती काढायला हा गृहस्थ दर रविवारी महामार्गावरच्या वॉशिंग सेंटरवर जाऊन मोटारी धुण्याच्या फवाऱ्याखाली सायकल धरीत असे! त्या दाबाने पाणी आणि बारीक कच बेअरिंगांत शिरली, आणि वर्षाच्या आत मागचा त्रिकोण दाराच्या बिजागरीसारखा कुरकुरू लागला. म्हणून या खेपेस ज्या फ्रेममध्ये मागच्या चाकाजवळचा सांधाच नाही, तेथे कार्बनच्या पातळ दांड्या किंचित लवून सांध्याचे काम करतात, अशीच फ्रेम घ्यावी असा मी हट्ट धरला. चाकाची हालचाल शंभर-एकशेवीस मिलिमीटर एवढीच असल्यामुळे दांड्यांना लवावे लागते ते मोजक्या अंशांत. वजन वाचते, आणि आमच्या मातीला शिरायला एक दार कमी होते. जुनी कार्बनची फ्रेम मात्र घेऊ नये. आतली चीर रंगाखाली लपते आणि हमीपत्र बहुधा पहिल्या मालकाच्या नावे असते.

शंभर की एकशेवीस, या वादात एकशेवीसची सरशी झाली, कारण अलीकडच्या शर्यतींचे उतार अधिक भयंकर झाले आहेत. या फ्रेमला 45 मिलिमीटर दबणारा शॉक लागतो. म्हणजे चाकाची चाल त्याच्या जवळजवळ पावणेतीनपट. स्वार नुसता बसला असता तो चतुर्थांश, म्हणजे सुमारे 11 मिलिमीटर, दबावा असे आम्ही ठरविले. बूट, हेल्मेट, पाण्याच्या दोन्ही बाटल्या असा सगळा सरंजाम चढवून तो ओसरीच्या खांबाला हात टेकून बसला. शॉकवरची रबरी कडी 14 वर. मी पंपाने हवा भरली, तो पुन्हा बसला, 11. समाधानाने तो वढूच्या रस्त्याला लागला आणि पाऊण तासाने सायकल हाताने ढकलीत परतला. बांधावरचा सराटा दोन्ही टायरांत रुतला होता. टायरांतली भोके बुजविणारे सीलंट भरायचे राहून गेले होते.