बायपासनंतर खोकायचे कसे? छातीशी धरलेल्या उशीचे काम

वस्तीत कोणाचे बायपासचे ऑपरेशन ठरले की आपले तरुण धावून जातात. रक्तासाठी फोन फिरतात, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे गोळा होतात, रात्री दवाखान्यात कोण थांबणार याच्या पाळ्या लागतात. डिस्चार्ज मिळाला की मात्र सगळ्यांना वाटते, झाले काम. अशा रुग्णांच्या घरी जाऊन जाऊन आम्हाला एक गोष्ट कळली आहे. घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे अवघड असतात आणि गाडी बऱ्याचदा एका साध्या ठिकाणी अडते. रुग्ण खोकायला घाबरतो.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत. आयुष्यभर बांधकामावर राबलेले. ऑपरेशन उत्तम झाले. घरी आल्यावर दहाव्या दिवशी ताप भरला, दम लागू लागला आणि पुन्हा भरती करावे लागले. न्यूमोनिया निघाला. नंतर आम्ही विचारले तेव्हा म्हणाले, "खोकला आला की दाबून धरायचो. टाके उसवले असते ना!" दवाखान्यातून उशी दिली होती, ती मुलाने माळ्यावर टाकली होती. डिस्चार्जच्या सकाळी कोणीतरी घाईघाईत, अर्ध्या इंग्रजीत काही सांगितले होते. ते घरात कोणालाच कळले नव्हते आणि पुन्हा विचारायचा संकोच वाटला.

भीती समजून घेण्यासारखी आहे. बायपासमध्ये साधारणपणे छातीचे मधले हाड उभे कापून हृदयापर्यंत पोहोचतात. काम झाल्यावर हाडाचे दोन्ही भाग स्टीलच्या तारांनी घट्ट बांधतात. या तारा सहसा कायम आतच राहतात. हाड जुळून यायला सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण मजबूत व्हायला तीन महिन्यांच्या आसपास. तोवर प्रत्येक श्वासाला बरगड्या हलतात आणि त्या हाडावर ताण येतो. खोकताना तर आतून एकदम जोर येतो आणि दोन्ही भाग बाहेरच्या बाजूला ढकलले जातात. दुखते म्हणून माणूस वरवरचा, छोटा श्वास घेऊ लागतो.

इथेच घोटाळा होतो. छोट्या श्वासाने फुप्फुसाचा खालचा भाग उघडतच नाही. तिथले हवेचे बारीक फुगे मिटून जातात, कफ साचतो आणि साचलेल्या कफात जंतू वाढतात. त्यात ऑपरेशनच्या वेळी भूल दिलेली असते, घशात नळी असते, त्यामुळे कफ आधीच जमलेला असतो. म्हणून या दिवसांत कफ खोकून बाहेर काढणे हा उपचाराचाच भाग आहे. खोकला दाबायचे औषध दुकानातून परस्पर आणून पाजणे तर अगदी चुकीचे.

आता उशी. रुग्णाला पाठ सरळ ठेवून, पाय जमिनीला टेकवून बसवा. झोपून खोकू नये. लहान, जराशी घट्ट उशी छातीच्या मधोमध धरायची आणि दोन्ही हातांनी तिला मिठी मारायची. आधी नाकाने सावकाश खोल श्वास, पोट आणि खालच्या बरगड्या फुगतील असा. दोन-तीन सेकंद थांबायचे, मग सोडायचा. असे तीन-चार वेळा. नंतर उशी छातीवर घट्ट दाबून दोनदा खोकायचे. श्वास घेताना मिठी सैल, खोकताना घट्ट, एवढे लक्षात राहिले तरी पुरे. बरेच जण नेमके उलटे करतात. श्वास घेतानाच उशी आवळतात, मग छाती फुलायला जागाच उरत नाही.

जोरात खोकणे जमत नसेल तर आणखी एक युक्ती आहे. चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर आपण तोंडाने वाफ सोडतो ना, तसे तोंड उघडे ठेवून "हा" करत श्वास जोराने सोडायचा. कफ वर सरकतो आणि दुखते कमी. उशी नसेल तर घडी घातलेला टॉवेल किंवा गुंडाळलेली चादर चालते. शिंक, हसू, उचकी, रिक्षाचा दणका, खुर्चीतून उठणे, या सगळ्यांच्या वेळी हाच आधार. अचानक शिंक आली आणि जवळ काहीच नसेल तर स्वतःचे हात छातीवर घट्ट आवळायचे.

वेदनाशामक गोळीबद्दलही बोलायला हवे. "गोळ्या उष्ण पडतात" म्हणून घरोघरी ती टाळली जाते. दुखणे आटोक्यात नसेल तर खोल श्वास घेताच येत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी वेळेवर द्या आणि ती घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने श्वासाचा व्यायाम करवून घ्या. स्वतःच्या मनाने दुसरी गोळी मात्र देऊ नका.

काही घरांत आधार म्हणून ओढणी किंवा रुंद पट्टी छातीभोवती करकचून बांधलेली आम्ही पाहिली आहे. हे करू नये. दिवसभर आवळलेल्या पट्टीने बरगड्या हलत नाहीत आणि आपण टाळू पाहत असलेला तोच छोटा श्वास पुन्हा सुरू होतो. काही सर्जन छातीचा पट्टा देतात, तो त्यांनी सांगितलेल्या मापाचा आणि सांगितलेल्या वेळीच वापरावा. स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट संकोचापोटी कोणी सांगत नाही. स्तनांच्या वजनाने जखम दोन्ही बाजूंना ओढली जाते आणि दुखणे वाढते. मऊ, तार नसलेली, पुढून उघडणारी ब्रा घातली तर बराच आराम पडतो. डॉक्टरांना किंवा नर्सला विचारून ती कधीपासून घालायची ते ठरवा. आपल्या महिला कार्यकर्त्यांनी हे उघडपणे बोलावे.

तीन चेंडूंचे प्लास्टिकचे यंत्र बहुतेक दवाखाने देतात. ते फुंकायचे नसते, ओढायचे असते. तोंडाने हवा सावकाश आत ओढून चेंडू वर धरून ठेवायचे. सुरुवातीच्या दिवसांत जागेपणी दर तासाला सुमारे दहा वेळा करायला सांगतात. चक्कर आली तर थांबायचे. घरी आल्यावर ते नातवंडांचे खेळणे होते, हा आमचा नेहमीचा अनुभव. भेटायला येणारे कोणी "आनापान करा, तेवढे पुरे" असेही सांगतात. आनापानात श्वास जसा आहे तसा पाहायचा असतो, इथे तो मुद्दाम खोल घ्यायचा आहे. मन शांत करण्यासाठी आनापान जरूर करावे, पण ते या व्यायामाच्या जागी नको.

मदत करणाऱ्यांनी एक चूक टाळावी. रुग्णाला हात धरून किंवा बगलेत हात घालून ओढून उठवू नये. त्याने आधी कुशीवर वळावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि आपण पाठीला हात द्यावा. उचलायच्या वजनाची मर्यादा साधारण दोन ते चार किलो सांगतात. दहा लिटरची भरलेली बादली दहा किलोची असते, म्हणजे बादली, हंडा, कडेवरचे मूल, हापसा, सगळे बंद. दुचाकी चालवणेही डॉक्टर सांगेपर्यंत बंद. चालणे मात्र रोज, थोडे थोडे वाढवत. त्यानेही फुप्फुस उघडते.

छातीत हाड कटकट वाजल्यासारखे किंवा हलल्यासारखे वाटले, जखम लाल झाली, पू किंवा पाणी आले, ताप आला, कफ पिवळा-हिरवा झाला, पायाची सूज किंवा वजन झपाट्याने वाढले, तर त्याच दिवशी सर्जनकडे जा. बसल्या जागी दम लागला, ओठ निळसर झाले किंवा छातीत जोराची कळ आली तर थेट 108 ला फोन करा.

यापुढे कोणाला डिस्चार्जला आणायला जाल तेव्हा फिजिओथेरपिस्टला सगळे करून दाखवायला सांगा, त्यांच्यासमोर रुग्णाकडून करवून घ्या आणि त्यांची परवानगी घेऊन मोबाईलवर व्हिडिओ काढा. काकांच्या मुलाने दुसऱ्या खेपेला हेच केले. मागे आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा गप्पांत कोणीतरी विनोद केला. काकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवले, "अरे थांबा, आधी उशी आणू द्या, मग हसवा!"